टाका तांदळाएवढा हवा

गोधडी हा शब्द उच्चारला तरी अंगाला ऊब येते, असं आपण सगळ्याच म्हणतो. पण मैत्रिणींनो, खरं सांगा, आपल्यापैकी किती जणींच्या घरी आज नवी गोधडी शिवली जाते? आहेरात ब्लँकेटं येतात, सेलमध्ये दुलया मिळतात, आणि जुन्या साड्यांवर भांडीवाली स्टीलचा डबा देते. कोल्हापूर-सांगलीकडे जिला वाकळ म्हणतात ती आजीच्या हातची वाकळ असलीच, तर माळ्यावर किंवा दिवाणाच्या पोटात. दसरा काढताना ती एकदा बाहेर येते, धुतली जाते, वाळते आणि परत आत जाते.

आपल्या मुलांना तर ती कशी होते हेच माहीत नसतं. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आमच्या आळीतल्या मुलांना मी विचारलं, "गोधडी कशापासून करतात रे?" एक म्हणाला, "कापसापासून." दुसरी म्हणाली, "मशीनवर." तिसऱ्याचं उत्तर सगळ्यांत भारी होतं, "आजीपासून!"

तसं ते अगदीच चुकीचं नव्हतं म्हणा.

सुट्टीत मुलांच्या हाताला काहीतरी काम हवं होतं. आमचं गाव साखर कारखान्याच्या वाटेवरचं. दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू झाला की बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी या भागांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात. गावाबाहेरच्या माळावर उसाच्या पाचटाच्या आणि प्लॅस्टिकच्या कागदाच्या कोप्या उभ्या राहतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती टनावर फेडायची. त्यामुळे थंडी म्हणू नका, पाऊस म्हणू नका, उजाडायच्या आत फडात जावंच लागतं. हल्ली ऊस तोडणारी यंत्रं आली आहेत, तरी या टोळ्या काही थांबलेल्या नाहीत. आई फडात गेली की लहान लेकरू एकतर बांधावर नाहीतर कोपीत. डिसेंबर-जानेवारीत त्या उघड्या माळावर काय थंडी पडत असेल, ते आपल्याला दार लावून झोपताना कसं कळणार?

तर ठरलं. मुलांनी गोधड्या शिवायच्या आणि कोप्यांमधल्या तान्ह्या बाळांना द्यायच्या. मुलं जमली सोळा. तिसरीपासून सातवीपर्यंतची, नऊ मुली आणि सात मुलगे. मुलग्यांपैकी दोघांच्या घरून "हे काय बायकी काम" असा सूर आला. त्यावर एका मुलाने परस्परच उत्तर दिलं, "आपल्या चौकातले टेलरकाका काय बाई आहेत का?" विषय तिथेच संपला.

हिशेब सोळाचा

ज्यांना असं काही करायचं असेल त्यांच्यासाठी आमचा हिशेब सांगते. मुलांना गोधडीतलं गणितच आधी आवडलं.

पुठ्ठ्याचा १० इंचांचा चौरस साचा केला. त्यात चारही बाजूंनी अर्धा इंच शिवणीसाठी सोडला की जोडल्यावर तुकडा ९ इंचांचा उरतो. असे चार ओळींत चार, म्हणजे १६ तुकडे जोडले की ३६ इंच, बरोबर ३ फूट लांब आणि ३ फूट रुंद. बाळाला तेवढी पुरते. सोळा मुलांनी प्रत्येकी चार तुकडे कापले, झाले ६४. चार गोधड्यांची वरची बाजू तयार!

आतल्या थरांसाठी माझ्या सासूबाईंचं एक जुनं सुती लुगडं निघालं. नऊ वार म्हणजे २७ फूट. कडेला थोडं जास्तीचं धरून त्याचे आठ तुकडे पडले. प्रत्येक गोधडीला दोन थर. खालच्या बाजूला जुन्या मऊ चादरी. पाचवीतला मुलगा म्हणाला, "काकू, हे तर शाब्दिक उदाहरणच झालं." मी म्हटलं, बाबा रे, तुझ्या पणजीने अशी कितीतरी शाब्दिक उदाहरणं वही-पेन्सिलीशिवाय सोडवलीत.

कापड सुतीच घ्यायचं आणि वापरलेलंच. दहा-वीस वेळा धुतलेल्या सुती कापडातली खळ निघून गेलेली असते, ते मऊ पडतं, घाम टिपतं आणि पुन्हा आटत नाही. नव्याजुन्याची सरमिसळ केली तर पहिल्या धुण्यात नवं कापड आटतं आणि गोधडीला चुण्या पडतात. बाळासाठी म्हणून जर, टिकल्या, बटणं, लेस काही म्हणजे काही नको. आणखी एक लक्षात ठेवा. वर्षाच्या आतल्या बाळाच्या अंगावर जड, सैल पांघरूण घालू नये आणि तोंड कधीही झाकू नये, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. म्हणून आम्ही थर कमी ठेवले. अशी गोधडी मुख्यतः खाली अंथरायची, जमिनीचा गारवा अंगात शिरू नये म्हणून.

सुया मुलांच्या हातात द्यायच्या तर नियम हवेतच. सुरुवातीला मोजून द्यायच्या, उठताना मोजून घ्यायच्या. एक जरी कमी भरली तरी कुणी जागचं हलायचं नाही. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक सतरंजीवरून फिरवलं की पडलेली सुई पटकन सापडते. दोरा हातभरच ओवायचा, लांब घेतला की गुंततो आणि मग रडारड. मोठ्या नाकाची सुई असली की लहान मुलांनाही ती ओवता येते. मधल्या बोटाला अंगुस्तान दिलंत तर उत्तम, पण मुलं ते एकमेकांवर फेकून मारतात हेही सांगून ठेवते!

थर एकावर एक घातल्यावर लगेच शिवायला बसू नये. आधी लांब लांब कच्चे टाके घालून सगळे थर एकमेकांना टाचून घ्यावेत. नाहीतर कडेकडेने शिवत गेलं की मधे कापडाचा फुगा येतो. मग उभ्या रांगांत धावदोरा घाला किंवा कडेपासून चौकोन करत आत आत या. शेवटी चारी बाजूंनी गोट. तो मात्र मोठ्या माणसाने लावावा.

‘त्यांना चालतं’

कापड गोळा करायला मुलं घरोघर गेली. परत आली ती पिशव्या भरून. उघडून पाहिलं तर काय नव्हतं त्यात! विरलेले परकर, पिवळे पडलेले बनियन, तेलकट उशांचे अभ्रे. एका पिशवीत तर पायपुसणंच निघालं.

"काकू, त्यांना चालतं," एक मुलगी अगदी सहज म्हणाली. घरात ऐकलेलं वाक्य असणार. आपण सगळ्या ते कधी ना कधी बोलतोच. कामवालीला शिळं देताना, जुने कपडे काढून टाकताना... त्यांना चालतं.

तेवढ्यात सहावीतल्या एका मुलाने विचारलं, "तुझ्या बारक्या भावाला चालेल का?" तिचा भाऊ आठ महिन्यांचा आहे. ती गप्प झाली. मग तिने स्वतःच ते पायपुसणं उचललं आणि बाजूला ठेवलं. त्यानंतर मुलांनी आपणहून नियम केला, जे आपल्या घरच्या बाळाखाली अंथरणार नाही, ते घ्यायचं नाही. निम्म्या पिशव्या बाद झाल्या.

हा प्रश्न फक्त आमच्या आळीचा नाही. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली तेव्हा देशभरातून तमिळनाडूत कपडे गेले. ते इतके आणि असे होते की रस्त्याच्या कडेला त्यांचे ढीग पडून राहिले. सर्वस्व गेलेल्या माणसालाही लाज असते, आवड असते, हे पाठवणाऱ्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये दिल्लीत सुरू केलेल्या ‘गूंज’ या संस्थेचं तर सगळं काम याच विचारावर उभं आहे. गावातले लोक आपल्या गावासाठी काम करतात, कुठे विहीर, कुठे रस्ता, आणि कपडे त्या कामाचा मोबदला म्हणून घेतात, भीक म्हणून नाही. जे कपडे घालण्याजोगे नसतात त्यांच्या सुजनी, म्हणजे गोधड्या होतात. गुप्ता यांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

सुजनी ही मूळची बिहारची. तिथे नव्या बाळासाठी जुन्या साड्यांची सुजनी शिवण्याची रीत आहे. बंगालचा कांथाही तसाच, जुन्या साड्यांचा आणि साडीच्या काठातून उसवून काढलेल्या दोऱ्याचा. आपल्या शेजारी, कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूर भागात सिद्दी समाजाच्या बायका रंगीबेरंगी कवंदी शिवतात आणि तिच्या कोपऱ्यांवर तिकोनी ‘फुलं’ लावतात. त्या फुलांशिवाय कवंदी म्हणे उघडी वाटते. बघा, कुठल्याही गावची, कुठल्याही भाषेची बाई असो, जुन्यातून बाळासाठी ऊब काढायची विद्या तिच्या हातात असतेच.

आणि हीच गोष्ट आम्हाला पुढे कोपीच्या दारात शिकायला मिळाली.

मावशीने गोधडी उलटी केली

डिसेंबर उजाडला तेव्हा पहिली गोधडी पुरी झाली. मुलांना कोण आनंद! टाके वाकडे-तिकडे होते, काही बोटाएवढे लांब होते, पण सोळा जणांच्या हातचं काम होतं. एका संध्याकाळी तोडणीवरून माणसं परतल्यावर मुलं ती घेऊन माळावर गेली. सोबत मी आणि शेजारच्या काकू.

एका कोपीपुढे चूल पेटत होती. तिथल्या बाईचं सहा-सात महिन्यांचं बाळ मोठ्या बहिणीच्या कडेवर होतं. बहीण असेल दहा वर्षांची. मुलांनी गोधडी पुढे केली. त्या बाईने हात पदराला पुसले, गोधडी घेतली, आणि आधी काय केलं असेल? ती उलटी केली. चुलीच्या उजेडात धरून टाके पाहिले. एका लांब टाक्यात करंगळी घालून ओढून बघितली.

"ताई, कापड लई चांगलं हाय," ती म्हणाली. "पर टाका लांब पडलाय. लेकराचं बोट गुततंय यात. रातच्याला आवळलं तर कळायचं न्हाई."

मुलांचे चेहरे बघण्यासारखे झाले. परतीच्या वाटेवर एकजण तर रडकुंडीला आली. "आपण एवढं केलं आणि त्या नावं ठेवतात!" दुसरा म्हणाला, "दुसऱ्या कोणाला तरी देऊ. फुकट मिळतंय तर..." आमच्या शेजारच्या काकूंनाही जरा लागलंच होतं.

मैत्रिणींनो, मला वाटतं, या सगळ्या उद्योगात खरी परीक्षा त्या संध्याकाळी होती. सुई चालवायला काय, कुणीही शिकतं. पण आपण दिलेली वस्तू समोरच्याने तपासून घेतली तर आपल्याला राग का येतो? दुकानात आपण साडीचा पदर उलटासुलटा करून बघतोच की. पैसे दिले म्हणून हक्क आणि फुकट म्हणून नाही? ते बाळ तिचं आहे. टाके तपासणं हे आईचंच काम आहे. मी मुलांना एवढंच विचारलं, "तिचं म्हणणं खरं आहे की खोटं?" बराच वेळ कुणी बोललं नाही. मग पायपुसणं बाजूला ठेवणारी तीच मुलगी म्हणाली, "खरं आहे. आमच्या बाळाचं बोट आईच्या स्वेटरमध्ये अडकलं होतं."

दुसऱ्या दिवशी मुलांनी स्वतः बसून सगळे लांब टाके उसवले.

दहा वर्षांची मास्तरीण

मग मुलं पुन्हा माळावर गेली ती सुई-दोरा घेऊन, शिकायला. मावशी स्वयंपाकात होती. तिने लेकीला हाक मारली, "दाव गं त्येन्ला." आणि त्या दहा वर्षांच्या पोरीने बाळाला मांडीवर घेऊन, एका हाताने थोपटत, आमच्या मुलांना टाका शिकवला. सुई पूर्ण ओढायची नाही. कापड सुईवर चार-पाच वेळा भरून घ्यायचं आणि मग एकदम दोरा काढायचा. "तांदळाएवढा टाका पाह्यजे," ती म्हणाली. "पोह्याएवढा न्हाई."

आमच्या पोरांना हसू आलं आणि ते वाक्य पाठच झालं. पुढे कुणाचा टाका लांब गेला की बाकीचे ओरडायचे, "पोहे! पोहे!"

मावशीची स्वतःची वाकळही तिने दाखवली. तिच्यात नवऱ्याचा सदरा होता, तिच्या लग्नातल्या साडीचा तुकडा होता, आणि एका कोपऱ्यात शाळेच्या गणवेशाचा निळा चौकोन. "हा कोणाचा?" मुलांनी विचारलं. "माजा," पोरगी म्हणाली. "गावाकडं तिसरीत व्हते तवाचा."

"आणि आता?"

"आता हिला कोण संबाळंल?" तिने कडेवरच्या बाळाकडे बघितलं.

त्या रात्री माझ्याकडे येऊन मुलांनी जो प्रश्न विचारला, त्याला गोधडीत उत्तर नव्हतं. "काकू, ती आमच्या शाळेत का येत नाही?"

कायदा काय म्हणतो ते सांगते, कारण ते आपल्याला माहीत असायला हवं. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या कोणत्याही मुलाला वर्षाच्या मधेही शाळेत प्रवेश मिळतो, तोही त्याच्या वयाच्या वर्गात. शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. काही ठिकाणी कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालल्या आहेत. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी आपल्या राज्यात शिक्षण हमी कार्डाचीही सोय आहे.

आम्ही चार जणी मुख्याध्यापकांना भेटलो. त्यांनी लगेच होकार दिला. अडचण दाखल्याची नव्हतीच. अडचण होती कडेवरच्या बाळाची. कोप्यांमधल्या एका म्हाताऱ्या आजींनी बाळाला सांभाळायची तयारी दाखवली, पण त्यांचं दुखणं-खुपणं असायचं, कधी त्यांनाच फडात वाढे गोळा करायला जावं लागायचं. पोरगी जानेवारीत शाळेत आली. आठवड्यातून कधी तीन दिवस, कधी दोन. फेब्रुवारीत टोळी दुसऱ्या गावच्या फडावर हलली आणि तीही गेली. जाताना मुख्याध्यापकांनी तिला हमी कार्ड भरून दिलं. ते पुढच्या शाळेत तिने दाखवलं का, ते मला ठाऊक नाही.

चार गोधड्यांनी काय होतं?

आभाळच फाटलंय, ठिगळ कुठे कुठे लावणार, असं आपल्याकडे म्हणतात. खरंच आहे. उसाच्या टोळीतल्या लेकरांची थंडी, त्यांची शाळा, त्यांच्या आयांची ओढाताण हे सगळं चार गोधड्यांनी मिटणारं नाही. ते काम सरकारचं, कारखान्यांचं, मुकादमांचं. ते त्यांच्याकडून करून घ्यायला हवं. पण सोळा मुलांच्या बाबतीत काय झालं ते मी बघितलंय.

संक्रांतीच्या आधी चारही गोधड्या गेल्या. तपासून, पास होऊन गेल्या! मावशीने प्रत्येक उलटी करून बघितली आणि म्हणाली, "आता झालं." मुलांना बक्षीस समारंभात जेवढा आनंद होत नाही तेवढा त्या दोन शब्दांनी झाला. तिने बदल्यात उसाची मोळी दिली. आमच्या काकू "कशाला, कशाला" म्हणत होत्या, पण मुलांनी ती आनंदाने घेतली. घेणं-देणं दोन्ही बाजूंनी असलं की कुणी लहान होत नाही, हे त्यांना न शिकवता कळलं होतं.

आता तर आमच्या आळीत "त्यांना चालतं" असं कुणी म्हणालं की एखादं पोर हमखास विचारतं, "आपल्याला चालेल का?" मोठ्यांची जरा पंचाईत होते, पण होऊ दे.

तर मैत्रिणींनो, यंदा दिवाळीची सुट्टी लागली की चार मुलं जमवा. शाळेत कार्यानुभवाच्या तासालाही हे करता येईल, बाईंना सुचवून बघा. सगळ्या जणी मिळून एक गोधडी पुरी केलीत तरी पुष्कळ. ती कुणाला द्यायची ते आधी ठरवा, आणि शिवायच्या आधी त्यांच्याकडे जाऊन विचारा. केवढी हवी, जाड हवी की पातळ, खाली घालायला की अंगावर घ्यायला? सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात झोपणारे रुग्णांचे नातेवाईक, वीटभट्टीवरची कुटुंबं, गावाबाहेर उतरलेले मेंढपाळ... आपल्या गावात कोण उघड्यावर झोपतं, हे एकदा मुलांचा हात धरून बघून या.

आणि त्या घरांमध्ये शाळेच्या वयाचं एखादं मूल बाळ सांभाळत बसलेलं दिसलं, तर तिथून तसंच परत येऊ नका. त्याचं नाव विचारा आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन सांगा.